सातवीला धर्म शिकवला त्याची हकिकत

जुनी हुबळी,
बुधवार, ता. १२ फेब्रुवारी १९६४

ती. सरूअक्का हिस,

केदारीचा सविनय जय भीम. (अव्वा म्हणते, थोरल्या बहिणीला नुसता जय भीम पुरत नाही, नमस्कारही लिही. तेव्हा नमस्कारही लिहिला आहे. दोन्ही ठेवून घे.) इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी. दाजींचा गुडघा कसा आहे? अव्वानं सांगितलेलं तेल ते अजून लावत असतील तर दुखणं का वाढलं हे कळलंच असेल. तेल बंद करा, पण बंद केल्याचं इकडे कळवू नका. पोरांची शाळा कशी चालली आहे? (माझी कशी चालली आहे ते पुढे येतंच.)

आधी आनंदाची बातमी वाच आणि मग सावकाश चहा करून पुढचं वाच. माझी नोकरी शाबूत आहे. आपला चुलतभाऊ बाळाप्पा गेल्या आठवड्यात बेळगावला येऊन, केदारीला शाळेतून काढलं, असं सांगून तुझ्याकडे पोटभर जेवून गेल्याचं कळलं. ते जेवण फुकट गेलं. मला काढलेलं नाही. कमिटीचे अध्यक्ष रागारागानं शाळेत शिरताना त्यानं पाहिलं, बाहेर पडताना पाहिलं नाही. मधला भाग स्वतःच्या मनानं पुरा करून तो मोटारीत बसला. काढायची वेळ आली होती, हे मात्र खरं.

मुळापासून सांगतो. यंदा सातवीच्या पुस्तकात जगातल्या प्रमुख धर्मांवर धडा आला आहे. दर धर्माला एक पान आणि पानावर एक इमारत. आपल्या बौद्धांना अर्धंच पान मिळालंय, जैनांबरोबर वाटून. इमारत त्यांच्या वाट्याला गेली, आपल्याला झाड आलं. हा धडा कुणी घ्यायचा यावर मास्तरांच्या खोलीत जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. शेवटी आमचे हेडमास्तर गोविंदराव (माणूस चांगला, फक्त डावीकडे जायचं की उजवीकडे हे दुसरं कुणी वळल्याशिवाय त्यांना ठरवता येत नाही) म्हणाले, "केदारी मास्तर घेतील. त्यांनी धर्म बदललाय. घर बदललेल्या माणसालाच सगळ्या गल्ल्यांचं भाडं ठाऊक असतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पडलो तात्पुरता शिक्षक. तात्पुरत्याला नाही म्हणायची सोय नसते, ती कायम झाल्यावर मिळते. आणि मला कायम करायचं की नाही हे शाळेच्या कमिटीच्या हातात, म्हणजे अध्यक्षांच्या, म्हणजे दाजीबानपेठेतल्या कापडवाल्या बाळकृष्णशेठच्या. त्यांची सुमन माझ्याच वर्गात. हे नीट ध्यानात ठेव, कारण मी ठेवलं नाही.

पहिल्या तासाला विचारलं, धर्म म्हणजे काय? मागच्या बाकावरून उत्तर आलं, ज्याची शाळेला सुट्टी असते तो. वर्गाला हे इतकं पटलं की धर्मांची थोरवी तिथंच ठरायला लागली. नाताळची सुट्टी सलग असते म्हणून ख्रिस्ती धर्म पहिला. गणपतीवाले म्हणाले, आमच्या सगळ्या सुट्ट्या गोळा करून बघा. आपला नंबर फार खाली लागला. आणि ज्यू लोकांची एकही सुट्टी नाही, तेव्हा त्यांना धर्मातच धरायचं नाही, असं बहुमतानं मंजूर झालं. मी पुस्तक मिटलं. (इथंच चुकलं, असं गोविंदराव अजून म्हणतात. त्यांच्या मते सुम्मने, म्हणजे नुसतं, पुस्तक वाचून दाखवायचं, मुलं पेंगली की धडा पुरा झाला.) मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकू. ज्याला जो धर्म येईल त्यानं त्या धर्माच्या माणसाच्या घरी जायचं, स्वतःच्या धर्माची चिठ्ठी आली तर परत टाकायची. घरी जाऊन नमस्कार करायचा आणि विचारायचं, तुमच्यात काय काय करतात, आणि ते का करतात? उत्तर मिळेपर्यंत 'का' सोडायचं नाही. अक्का, आपल्याला सातवीत कुणी 'का' विचारायला सांगितलं असतं तर आपण विश्वासच ठेवला नसता. ह्या पोरांनी ठेवला.

पहिला बळी गिरणीवाले हसनसाब. रोज्याचे दिवस, माणूस दिवसभर उपाशी, पिठात पांढरा झालेला, आणि समोर चार पोरं उभी: रोजा का? पहिल्या 'का'ला त्यांनी हसून उत्तर दिलं, दुसऱ्याला विचार करून दिलं, तिसऱ्याला गिरणी बंद केली आणि पोरांना घेऊन थेट मौलवींकडे गेले. तिकडे सगळेच विचारात पडले, कारण मौलवींनी सांगितलेलं हसनसाबांनाही नवीनच होतं, आणि मग त्यांनीच चौथा 'का' विचारला. इकडे बायका ज्वारीचे डबे घेऊन बंद दारासमोर बसलेल्या. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणाकडे भाकरी झाली नाही, सगळ्यांनी भात खाल्ला आणि मला शिव्या दिल्या. रेल्वेतले सामुवेलप्पा तर आणखी पुढे गेले. मुलांनी विचारलेलं काही त्यांना सांगता आलं नाही, त्यांची बायको पोरांसमोर हसली, म्हणून रविवारी चर्चमध्ये पाद्रीसाहेब बोलत असताना ते मध्येच उभे राहिले आणि "का?" म्हणाले. इतक्या वर्षांत तिथं असं कुणी उभं राहिलं नव्हतं. सोमवारी पाद्रीसाहेब शाळेत आले, हे शिकवणारा मास्तर कोण ते बघायला. मी हात जोडले. ते म्हणाले, पुढच्या रविवारी मुलांना घेऊन या, माझी तयारी झाली आहे.

जैनांच्या घरी मात्र मुलांची निराशा झाली. तिथल्या आजींनी सूर्य मावळल्यावर का जेवायचं नाही हे इतकं नीट, इतकं सविस्तर सांगितलं की सांगता सांगता सूर्य मावळला, आणि ताटात काढून ठेवलेले लाडू आजींनी उचलून आत नेले. मुलं म्हणाली, सर, धर्म कळला, पण फार उशिरा कळला. आणि ज्या मुसलमान पोराला हिंदू धर्माची चिठ्ठी आली होती, तो तीन घरं फिरून, तीन वेगळी उत्तरं घेऊन आला आणि म्हणाला, हे तीन धर्म धरा आणि मला मार्क तिप्पट द्या. त्याला काय सांगावं हे मला अजून सुचलेलं नाही. तुला सुचलं तर कळव.

आता सुमनचं. शेठच्या सुमनला चिठ्ठी आली बौद्ध. तिच्या ओळखीचं बौद्ध घर एकच, माझं. मी त्या रविवारी कलघटगीला गेलो होतो, तू सुचवलेलं स्थळ बघायला. (मुलगी चांगली आहे, तिला मी चांगला वाटलो नाही, जाऊ दे.) परत आलो तर अव्वा म्हणाली, पोरी आल्या होत्या, गेल्या. बाकी एक अक्षर नाही. मलाही वाटलं, आल्या आणि गेल्या. गुरुवारी वर्गात सगळ्यांनी उभं राहून सांगायचं होतं आणि नेमके त्या दिवशी गोविंदराव मागच्या बाकावर येऊन बसले होते. सुमन उभी राहिली, हात मागे बांधले आणि धडाधड सांगायला लागली. बौद्ध धर्मात देव नसतो. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो असतो. सरांची आई एकटीच होती. आम्ही विचारलं, तुम्ही हा धर्म का घेतला? त्या म्हणाल्या, तुमच्या सरांना विचारा, तो शिकलाय. मग मला तहान लागली. मी पाणी मागितलं. त्या म्हणाल्या, घरी जाऊन पी, बाई. मी म्हटलं, का?

अक्का, तिथं गोविंदरावांनी बाक घट्ट धरला. मी खडू धरला होता, तो मोडला.

सुमन पुढे म्हणाली, त्या उठल्या. मग त्यांनी तांब्या घासला, परत घासला, आणि पाणी दिलं. मी प्यायले, ह्या दोघी पण प्यायल्या. मग त्या म्हणाल्या, "ह्याच्यासाठीच घेतला बघ." सर, मला हे कळलं नाही. पाण्यासाठी कुणी धर्म बदलतं का? त्यांच्या गल्लीत नळ आहे, मी पाहिलाय.

मी फळ्याकडे तोंड केलं आणि पुसलेलाच फळा पुसत राहिलो. तुला खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले होते. अव्वा सभेत कधी बोलली नाही, तिला सही येत नाही, धर्मावर पुस्तकं वाचून मी तिला रात्री समजावून सांगत आलो, आणि ती नुसती हूं हूं करत आली. पण डोळे पुसून होतात न होतात तोच दुसरा विचार आला, की ही पोरगी हे सगळं आज घरी जाऊन शेठना सांगणार. तास संपल्यावर गोविंदराव माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, ह्या तासाला मी वर्गात नव्हतो, असं समजा."

दुसऱ्याच दिवशी शेठ आले. त्यांचा आवाज फाटकापाशी ऐकताच गोविंदरावांना हजेरीपुस्तक शोधायला कपाटामागे जावं लागलं आणि खोलीत शेठ आणि मी दोघंच उरलो. मी मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला होता, शुद्धलेखनासकट. शेठ खुर्चीत बसले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, पोरीला हे काय लावून दिलंत हो? दुकानात गिऱ्हाईकासमोर विचारते, लिंबू-मिरची का? म्हटलं दृष्ट लागू नये म्हणून. दृष्ट का लागते? लोक जळतात म्हणून. लोक का जळतात? तर गिऱ्हाईकच म्हणतंय, गजात कमी देता म्हणून!" मी हसलो नाही. माझं मोठं कर्तृत्व ते. शेठनी खुर्ची पुढे ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आणि काल जेवताना विचारलं, मास्तरांच्या घरचं पाणी आपण का पीत नाही. आतापर्यंत काहीतरी ठोकून देत आलो. ह्या वेळी ताटावरून उठलो. पुस्तकात काय दिलंय ह्याचं?" मी म्हटलं, पुस्तकात नाही. ते म्हणाले, "नसणारच." टोपी घातली, दारापर्यंत गेले, परत फिरले. "पोरगी म्हणते, अप्पा, तुम्हीच जाऊन विचारा. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी येतो तुमच्या घरी. लगेच सोमवारी कमिटी आहे, तुम्हाला कायम करायचा कागद त्यात ठेवलाय." आणि गेले. कपाटामागून गोविंदराव बाहेर आले आणि म्हणाले, मी आधीपासून म्हणत होतो, केदारी मास्तर धडा फार छान घेतात.

घरी येताना कोपऱ्यावर चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचा गाडा दिसला आणि अचानक भूक लागली. आदल्या दिवसापासून पोटात अन्न गेलं नव्हतं हे तेव्हा कळलं. उभ्यानं दोन पुड्या खाल्ल्या. नोकरी आहे, मान खांद्यावर आहे, हसनसाबांची गिरणी चालू आहे, आणि ज्यू लोकांना वर्गानं फेरविचार करून धर्मात घेतलं आहे. माणसाला आणखी काय पाहिजे? दाजींना जय भीम, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढवण्यापेक्षा पत्राचं उत्तर लवकर धाड.

तुझा धाकटा,
केदारी

ता. क. आता पत्र लिहायचं खरं कारण. शेठ येत्या रविवारी येणार म्हटल्यावर मी अव्वाला म्हटलं, चहा चांगला कर, वेलदोडा आणून देतो. अव्वा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या पोरीनं मागितलं, दिलं. शेठला तहान लागली तर मागू दे की. मागितल्याबिगर मी तांब्या पुढं करनार नाही." मी पुष्कळ सांगून पाहिलं, अव्वा, पाहुणे आहेत, सोमवारी कमिटी आहे. ती नुसती हूं हूं करते. अगं, शेठ आले, फोटो बघितले, इकडचं तिकडचं बोलले आणि पाणी न मागता उठून गेले, तर? मग सोमवारी त्यांनी सही कुठल्या तोंडानं करायची आणि मी ती कुठल्या तोंडानं घ्यायची? अव्वा तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. शनिवारच्या मोटारीनं काहीही करून ये. तिला समजाव, नाहीतर चहा तूच टाक आणि तिच्या आधी पुढं कर. तुझ्या पाया पडतो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी अव्वानं वरचं वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाली, लिही सरूला, ये, पण चुलीकडं जायचं नाही. मग म्हणाली, "जल्मभर मागायचं काम आपनच केलं की. विहिरीखाली घागर घेऊन उभी राहायचे मी, कुनी तरी वरनं ओतंल म्हनून. एक दिस त्यांनी मागू दे. मागितलं की देतोच की आपन, नाही कुठं म्हनतोय?" ह्याच्यापुढे मला 'का' विचारता आलं नाही. तेव्हा वरची विनंती रद्द समज. चहा टाकू नकोस, अव्वाला समजावू नकोस, पण ये मात्र नक्की. त्यांनी मागितलं, तर ते ऐकायला तू असावीस. आणि नाही मागितलं, तर नोकरी गेली तरी चालेल, असं अव्वासमोर ताठ मानेनं म्हणायला मला शेजारी कुणीतरी थोरलं लागेल.