बाथरूमची कडी

प्रिय चिमे,

आधी बातमी सांगते, पोटात मावत नाहीये. आमच्या घराच्या बाथरूमला आज आतून कडी बसली. हसू नकोस. दारूवर उपचार घेऊन इथे राहायला आलेल्या बायकांना ती केवढी गोष्ट आहे, हे उपचार केंद्रात बसून तुला कळेलच. सुतार अजून स्क्रू पिळत होता, तोवर सगळ्या जणी खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत. शाळेतल्या बाई आत गेल्या त्या गाणंच म्हणत बसल्या. नर्सने तर आंघोळ झालेली असताना पुन्हा नंबर लावला. मी सगळ्यांवर ओरडले आणि मग हळूच आत जाऊन स्वतःही कडी लावून पाहिली. छान घट्ट बसते.

आधीची कडी मीच काढायला लावली होती. आत बाटली नेऊन कोणी पिऊ नये म्हणून. शिवाय थोड्या थोड्या वेळाने दार वाजवायचं, काय गं, काय चाललंय म्हणून. तू एकदाच आलीस, ते बघितलंस आणि अर्धा चहा तसाच टाकून उठलीस. रस्त्यावर राहीन, पण तुझ्या पहाऱ्यात नाही, म्हणालीस. मला मिरच्या झोंबल्या होत्या. लहानपणी तुझं दप्तर तपासायचे, मोठी झालीस तशी पर्स. त्याने तुझं पिणं एक दिवसही थांबलं नाही.

कडीचा हुकूम माझा नाही, आमच्या शिंपिणीचा. आल्या दिवशी माझ्याशी कडाकडा भांडली होती ती. आता घरातली सगळ्यांत जुनी आणि माझी सगळ्यांत लाडकी. सकाळी कारभार हातात घेतला आणि चहा प्यायच्या आत सुताराला बोलावलं. मी कपाळावर हात मारला, पण करते काय, घर आता ती चालवणार.

कारण घर चालवणारीच्या नात्यातली कोणी इथे राहू शकत नाही. हा नियमही माझाच. शुक्रवारी तुला सोडतायत आणि तुला जायला जागा नाही, हे मावशीने सांगितलं. तिच्या पोटात काही राहतं का? म्हणून मी किल्ल्या शिंपिणीला दिल्या आणि बॅग भरून मावशीकडे निघालेय. इतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते. खिडकीजवळची खाट तुझी. चादर शिंपिणीने घातलीय, मी हात लावला नाही. तू बोलावलंस तरच भेटायला येईन. ये गं. आंघोळीला हवा तेवढा वेळ लाव, दार वाजवायला मी तिथे नसेन.

तुझीच,
आई