लेकीच्या लग्नाआधी एक डोंगर

२० ऑक्टोबर, सोमवार
लॉजवर पोचलो. लग्न रविवारी सकाळी. चिक्कार वेळ आहे. उद्या फोटो, परवा घरी.
तीस वर्षं स्टुडिओ चालवतोय, आणि लेकीने लग्नाला बाहेरचा फोटोग्राफर ठरवला. कोणी दाढीवाला. मला म्हणाली, बाबा, त्या दिवशी कॅमेरा घेऊ नका, नुसते माझ्याशेजारी उभे राहा. म्हणजे माझे फोटो जुनाट. न कळायला मी काही दूधखुळा नाही. मी चिडलेलो नाही.
लहानपणी तिला स्टुडिओतल्या रंगवलेल्या डोंगरापुढे बसवलं की विचारायची, खरा कुठे आहे? आता खऱ्या डोंगराचा भिंतभर फोटो लग्नात भेट देतो. पानगळीआधीची पिवळीधमक दरी, मागे बर्फाचं शिखर.

२१ ऑक्टोबर, पहाटे ५
ॲपवर चकचकीत सूर्य. बाहेर धुकं. माझाच ट्रायपॉड मला दिसेना. लॉजवाला म्हणाला, साहेब, पानं आता चार दिवसांची सोबती.

२२ ऑक्टोबर
पाऊस. दुपारी चार मिनिटं ऊन पडलं. तेव्हा लेन्स पुसत होतो.
संयम म्हणजेच फोटोग्राफी. (वाक्य झकास. स्टुडिओत लावणे.)

२३ ऑक्टोबर
गारा. बायकोचा फोन. लेक रोज विचारते म्हणे, बाबा कधी येणार. बजावलं, तिला काही बोलू नकोस, सरप्राइज आहे. ती म्हणाली, अहो, तिला तुम्ही हवे आहात, डोंगर नकोय. बायकोला लाइटमधलं काही कळत नाही.

२४ ऑक्टोबर
आज निघणारच होतो. बॅग भरून दारात आलो तर शिखर अर्धं उघडं. बॅग सोडली. शिखर झाकलं. निम्मी पानं वाऱ्याने नेली. लॉजवाला म्हणाला, साहेब, घाटाचं काही खरं नाही, आजच निघा. उद्याची पहिली बस नक्की, पुढे विमान. रात्री घरी.

२५ ऑक्टोबर, शनिवार
पहिली बस सोडली, कारण पूर्वेला ढगात फट पडली होती. पाच मिनिटांत बुजली. दुसरी बस आलीच नाही. घाटात दरड कोसळली. याला मी काय करणार?

२६ ऑक्टोबर, दुपार
लख्ख ऊन. आभाळ निळंशार. शिखर पायथ्यापर्यंत मोकळं. झाडांवर एक पान नाही. रस्ता बंद, फोनला रेंज नाही. लग्न लागलं असेल.
ट्रायपॉड काढलाच नाही. रडू आलं. यात हवेचा काही दोष नाही.

२८ ऑक्टोबर
घरी. लेक काल सासरी गेली. बायकोने दाढीवाल्याने काढलेला घरच्यांचा फोटो दाखवला. सगळे चेहरे काळपट. दिवस मावळल्यावर काढलाय. मी म्हटलं, बघ तुमचा फोटोग्राफर, एवढं ऊन असताना दिवसभर झोपा काढत होता का?
बायको म्हणाली, तो दुपारपासून मागे लागला होता, उजेड जाईल म्हणून. लेक म्हणत राहिली, थांबा, बाबा येऊ देत.