बिल्ला नंबर दोनशे चौदा

एल्डर गल्च, साउथ डकोटा
१८ सप्टेंबर १९८३

ती. सुनेत्राताईस,
गिरीशचा शि. सा. न. वि. वि.

गणपतीला तुझ्याकडे शिकागोत मोदक हाणले आणि परतलो, तर इथे आक्रीत घडलेलं. खाणीत उतरताना प्रत्येकाने पितळी बिल्ला खिशात घालायचा, वर आल्यावर बिल्ल्यांचा फळा सांभाळणाऱ्याकडे द्यायचा. तो आपल्या नंबरच्या खिळ्याला लावतो. खिळा रिकामा म्हणजे माणूस खालीच. शुक्रवारी तुझी आरती चुकू नये म्हणून मी शिफ्टवरून थेट एअरपोर्टला पळालो, आणि माझा खिळा रिकामा राहिला. मला शोधायला माझ्याबरोबर काम करणारा म्हातारा पीट खाली उतरला. दगड कोसळले. गेला गं ताई.

मी चौकशीत सांगितलं, बिल्ला दिला होता. रोज देतोच की. मग फळा सांभाळणाऱ्या वॉल्टरनेच तो हरवला असं ठरलं. खाणीच्या धुळीने फुप्फुसं गेलेला माणूस, त्याला काढून टाकलं. शंभर वर्षांपूर्वी ओढ्यात सोनं सापडलं म्हणून हे शहर वसलं. खालून इतकं पोखरलंय की चर्चसुद्धा उचलून दुसरीकडे न्यावं लागलं. इथे सोन्याची चोरी एक वेळ माफ होईल, बिल्ल्याची चूक नाही. वॉल्टरशी आता कोणी बोलत नाही. मला मात्र पीटची बायको अजूनही पूर्वीसारखाच दर रविवारी पाव भाजून पाठवते.

लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागेल.
तुझा गिरीश

शिकागो
२ ऑक्टोबर १९८३

चि. गिरीशला अनेक आशीर्वाद.

चेन बसवायला ठेवून गेलास ते जॅकेट काल हातात घेतलं. खिसा फाटलाय. अस्तरात काहीतरी कडक लागलं. पितळी चकती, २१४. मेल्या, हाच ना रे तो?

हे म्हणाले, त्याला कळवूच नकोस, लेकच्या पाण्यात फेकून दे. गेलेला माणूस काही परत येत नाही, आणि नोकरी गेली तर ग्रीन कार्डाचं काय? मी दोनदा लेकपर्यंत जाऊन आले. आरतीला ये, ये म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते, माझंही पाप आहे यात. तू म्हणशील तसं करते. पण फेकू दे ना रे मला.

जिवाला जप, आमचा जीव तुझ्यात अडकलाय.
तुझी ताई

एल्डर गल्च
१६ ऑक्टोबर १९८३

ती. ताईस सा. न.

बिल्ला पाठवून दे म्हणून फोनवर तुझ्यावर ओरडलो, माफ कर. पार्सल मिळालं. आधी ऑफिसात जाऊन सगळं लिहून दिलं. नोकरी गेली. मग पीटच्या बायकोकडे गेलो. तिने नंबर वाचला, बिल्ला परत दिला आणि दार लावून घेतलं. आज रविवार, पाव आला नाही.

वॉल्टरकडे जायला मला आणखी दोन दिवस लागले. वाटलं होतं, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तो बिल्ला मुठीत धरून ढसाढसा रडला. म्हणाला, सगळे एकच सांगत होते, म्हणून त्यालाही आठवायला लागलं होतं की मी बिल्ला दिला आणि त्यानेच तो कुठेतरी पाडला. महिनाभर तो रोज पीटच्या थडग्यापाशी जाऊन माफी मागत होता.

अजूनही तुझाच म्हण, एवढीच विनंती.
गिरीश