कोल्हापूरच्या परिषदेला मी का जाणार नाही

फोंडाघाट,
रविवार, जेवणं झाल्यावर

ती. सुभद्रा आत्येस,

अक्षयाचा वाकून नमस्कार. इथे सगळं खुशाल आहे, आई तर जरा जास्तच खुशाल आहे, आणि खरं तर त्याचंच हे पत्र आहे. तुझ्या गुडघ्याचं कसं काय? मागे पाठवलेलं तेल संपलं असेल तर बाटली टाकू नकोस, मला कोकमाचं आगळ भरायला लागते. विजयदुर्गात बांगडा मिळतोय की तिथेही हल्ली नुसत्या गप्पाच मिळतात? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण आमच्याकडे रेंज येते ती फक्त मागच्या पडवीत, आणि मी फोन घेऊन मागच्या पडवीत गेले की आईला नेमकं तेव्हाच तिथलं अळू कापायचं असतं. व्हॉट्सॲपवर लिहावं तर ते तुला शेजारची दीपिका वाचून दाखवते, आणि दीपिकाने वाचलेलं संध्याकाळपर्यंत देवगडच्या बाजारात पोचतं. म्हणून पत्र. वाचून झालं की चुलीत घाल.

तर आत्ये, मी कोल्हापूरच्या परिषदेला जाणार नाही. आम्हा ट्रान्सजेंडर लोकांची ही परिषद दरवर्षी कुठे ना कुठे भरते हे तुला माहीत आहे. मी पुण्याला गेले, नागपूरला गेले (तिथली उन्हं मी वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नयेत म्हणते), आणि दर वेळी मागच्या रांगेत खांबाजवळ बसून टाळ्या वाजवून परत आले. यंदा परिषद कोल्हापूरला, म्हणजे आमचा घाट चढला की झालं. म्हणून मी धीर करून माझा विषय कळवला होता: लहान गावात राहून, स्वतःच्या नावाची पाटी लावून धंदा कसा केला. 'अक्षया कोकम व आगळ', पाटी तू बघितलीच आहेस. फोंड्याच्या बाजारात त्या पाटीखाली पहिल्या दिवशी मी कशी उभी राहिले, हे सांगण्यासारखं नाही का? मी भाषण तयार केलं, आरशासमोर म्हटलं, दुकानात गिऱ्हाइकांना म्हणून दाखवलं (एक बाई आगळ न घेताच गेली, पण ती उधारीवालीच होती).

आणि मग समितीच्या गौरजाताईंचा फोन आला. मी हात पुसले, ओढणी सारखी केली (फोनवर ओढणी दिसत नाही, ठाऊक आहे मला) आणि पडवीत जाऊन फोन घेतला. ताई म्हणाल्या, तुमच्या आईंचा तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी बघितला, पालकांच्या सत्रात त्यांनी बोलावं अशी फार इच्छा आहे. मी म्हटलं, बरं, आणि माझा विषय? त्या म्हणाल्या, अहो, तुम्ही आईंच्या सोबत असालच ना! सोबत. आत्ये, मी पाण्याची बाटली आहे का? म्हाताऱ्या माणसाबरोबर औषधाचा डबा पाठवतात तशी मी जाणार. बरं, आई बोलेल, तिच्या बाजूच्या खुर्चीवर मी बसायचं, आणि लोक तिच्याकडे बघून डोळे पुसतील तेव्हा मी कुठे बघायचं हेही ताईंनी सांगितलं नाही.

तो व्हिडिओ तू बघितला आहेस का? दीपिकाने दाखवला असेलच. आमच्या वाडीतल्या प्रीतमच्या लग्नात मी बायकांच्या पंगतीला बसले होते. नवरीकडची एक बाई आली आणि मला म्हणाली, तुमचं पान तिकडे पुरुषांत मांडू का? मी उत्तर शोधत होते (मला उत्तरं सापडतात, पण दुसऱ्या दिवशी), तेवढ्यात आई अर्ध्या जेवणावरून उठली. हाताला सोलकढी, तशीच उभी राहून म्हणाली, ''ह्या माजा चेडू. हेचा पान हयसून हलला तर आमी दोगांय उठतलव, आणि मगे ह्या लग्नाची गजाल साऱ्या जिल्ह्यात मी सांगतलंय.'' भर पंगतीत आईने मला चेडू, मुलगी म्हटलं, तेवढं सलोनीने (ती कोण ते पुढे येईलच) मोबाईलवर टिपलं आणि सोडून दिलं. लाखो लोकांनी बघितलं म्हणे. खाली लिहिलेलं मी वाचलं: माउली, वाघीण, आई असावी तर अशी. त्या व्हिडिओत मीही आहे. कोपरापर्यंत. एक हिरवी बांगडी दिसते ती माझी.

तुला वाटेल, अक्षया जळते. जळतेच. आत्ये, तुझ्यापासून काय लपवायचं? हीच ती वाघीण, जिने मला कितीतरी पावसाळे नावाने हाक मारली नाही. जुन्या नावाने नाही, नव्याने तर नाहीच. 'जेवान झाला' असं भिंतीला सांगायची आणि ते मी ऐकायचं. शेवटी मी तुझ्याकडे विजयदुर्गला येऊन राहिले, आणि तुझ्या ओसरीवर बसून रोज बंदरावरून येणारी बस बघायचे, आई उतरते का म्हणून. त्या तोंडातून एक शब्द निघावा म्हणून मी काय केलं नाही! आणि आता ते तोंड उघडलंय तर सगळ्या महाराष्ट्रासाठी उघडलंय. मला मिळालेला पहिला घास मी अजून नीट गिळलाही नव्हता, आणि मागे ही रांग.

रांगेत पहिली सलोनी. वैभववाडीची, माझ्यासारखीच ट्रान्सजेंडर, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे, वयाने माझ्याहून बरीच लहान. तिच्या घरच्यांनी तिला दार बंद केलंय, म्हणून दर रविवारी आमच्याकडे येते. यावं, मी कशाला नाही म्हणू? पण आत्ये, ती आईला 'आई' म्हणते. पहिल्याच दिवशी! मला जे परत म्हणायला इतकी वर्षं लागली ते हिने चपला काढता काढता म्हटलं. आई तिच्या केसांना तेल लावते. माझे केस गळतात म्हणून मी तक्रार केली तर म्हणाली, ''तुका हात नायत?'' बांगड्याचा मधला तुकडा सलोनीला. फोन बिघडला की सलोनी, हसू आलं की सलोनी. मी फणफणले की आई म्हणते, बारक्या पोराचा काय मनावर घेतंस. बारकं पोर! मिशा काढायला माझ्याकडून पैसे मागून नेतं ते बारकं पोर.

तर या सगळ्यावर मी गौरजाताईंना सांगितलं, मला जमणार नाही. मनात म्हटलं, मी नाही गेले तर आई कशी जाते बघू. घाटात पहिल्याच वळणावर तिला उलटी होते, एकटी कधी कणकवलीही तिने केलेली नाही. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ''तू येत नाय, तर मी सलोनीवांगडा जातंय.'' सलोनीबरोबर! मग मी दोन दिवस जेवले नाही (दुकानात भजी खाल्ली, पण घरात नाही). तेव्हा आईने ठरवलं, दोघींनी कोल्हापूरला जावं की नाही ते देवालाच विचारू. आपल्याकडे गाय विकायचीसुद्धा देवाला विचारून विकतात, तेव्हा मला नाही म्हणता येईना.

सोमवारी रवळनाथाच्या देवळात गेलो. सलोनीही रजा टाकून आली, तिला कोण बोलावतं देव जाणे. सुदेश गुरवाने मूर्तीला दोन्ही बाजूंनी पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही वाट बघत बसलो. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. मी हात जोडून, डोळे मिटून, मनातल्या मनात डावीला हाका मारत होते. एकही पडेना. सुदेशने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या डिंकाने चिकटवल्यासारख्या जागच्या जागी. तोपर्यंत बाजारहाटाला निघालेली माणसंही देवळात येऊन बसली, कारण कौल अडला हे आमच्या वाडीत हवेतूनच कळतं. सुदेश आईला म्हणाला, ''काकी, खंयचो तरी नवस रवलो आसा. तो फिटल्याबिगर देव बोलाचो नाय. आठव बघया.''

आई म्हणाली, नाय. मग थोड्या वेळाने म्हणाली, एक आसा. आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिने सगळ्यांसमोर सांगितलं. मी तुझ्याकडे होते तेव्हा तिने रवळनाथाला नवस बोलला होता की माझो झील (झील! मुलगा!) पयल्यासारखो घराक येऊ दे, तुका कोंबडो देईन. आत्ये, मला हे ठाऊक नव्हतं. देवळातल्या मंडळींना मात्र माझ्या चेहऱ्यापेक्षा नवसाचा गुंता मोठा वाटला. अप्पा खोत म्हणाले, घराक इला तां खरा, म्हणजे नवस अर्धो पावलो. मग अर्ध्या नवसाचं काय द्यायचं? कोणीतरी म्हणालं, अंडा चलात काय? दुसरा म्हणाला, तसं नको, पूर्ण कोंबडा दिला आणि देवाने उरलेला अर्धा नवसही पुरा करून टाकला तर? हे ऐकून आई अशी दचकली की मीच तिचा हात धरला. ''नको, नको,'' म्हणाली, आणि सुदेशला बाजूला सारून स्वतःच देवासमोर पदर पसरून उभी राहिली.

''बा देवा म्हाराजा,'' ती म्हणाली, ''तेवा माका अक्कल नव्हती. मागूचा नाय तां मी मागलंय. तू तां दिलंस नाय, बरा केलंस. ह्या माजा चेडू अक्षया. जसा आसा तसाच माका व्हया. तो नवस मोडून टाक, आणि दंड काय तो माका सांग.'' सगळं देऊळ म्हणालं, व्हय म्हाराजा! आणि उजवी पाकळी पडली.

आता तू म्हणशील, झालं ना, अजून काय हवं? थांब. लोक रडले, बायकांनी आईला मिठ्या मारल्या, अप्पा खोतांनी चष्मा पुसला, सलोनी तर तिच्या खांद्यावरच पडली (आणि एका हाताने मोबाईल धरून होती). ज्या चेडवासाठी हे सगळं झालं ते चेडू खांबाला टेकून उभं. एकच बाई माझ्याकडे आली, ती म्हणाली, ''भाग्यवान गो तू, अशी आवस गावली.'' मलाही रडू फुटलं होतं, आत्ये. आईने देवासमोर माझं नाव घेतलं. तेवढं एक वाक्य मला एकटीला, चुलीपाशी, कोणी नसताना म्हटलं असतं तर मी जन्मभर पुरवून पुरवून वापरलं असतं. ते सगळ्या वाडीसमोर म्हटलं आणि सगळ्या वाडीने वाटून घेतलं.

दंड म्हणून सुदेशने कोंबडाच ठरवला. म्हणजे मी पूर्वीसारखी व्हावी म्हणून बोललेला कोंबडा, मी तशी झाले नाही म्हणून कापला गेला. वाटण मी वाटलं, वडे मी तळले, कोंबड्याच्या सागोतीचं कौतुक आईचं झालं आणि तंगडी सलोनीच्या पानात गेली. तेव्हा देवाने होय म्हटलंय ते आईला म्हटलंय, असा अर्थ मी काढलाय, आणि परिषदेला न जाण्याचा माझा विचार पक्का आहे. तू मला समजावू नकोस.

गुडघ्याला जप. जिन्यावरून खाली उतरताना भिंत धर.

तुझी,
अक्षया

ता. क. कोल्हापूरची तिकिटं काल काढली. तीन. आईला खिडकी दिली आहे, आणि तिच्या शेजारी मी. सलोनी मागच्या सीटवर, तिथून तिला लिंबू पुढे द्यायला येईल.

ता. क. दुसरं. मुळात पत्र लिहिलं ते यासाठी. पालकांच्या सत्रात एकेक पालक आणि त्यांचं मूल असं शेजारी शेजारी बसवणार आहेत. आज सकाळी सलोनी गौरजाताईंना फोनवर विचारत होती, ज्यांचं घरचं कोणी येणार नाही त्यांनी कुठे बसायचं? हसत विचारत होती, नेहमीसारखी. मी कोकमं वाळत घालत होते, मला ऐकू आलं. मग बराच वेळ ती आत आलीच नाही. आत्ये, माझी आई मला वाटून घ्यायची नाही. त्या दोन खुर्च्यांमध्ये मी तिसरी खुर्ची घालू देणार नाही, हे स्पष्टच सांगते. म्हणून तू ये. सलोनीची घरची म्हणून ये आणि तिच्या बाजूला बस. आई माझ्याशी बोलत नव्हती तेव्हा तू काही न विचारता माझं पान वाढलंस. तसंच तिचं वाढ. तिला माशाचा मधला तुकडा आवडतो. विजयदुर्गहून फोंड्यापर्यंतची गाडी सुदेश करून देईल, मी बोलले आहे, आणि चौथं तिकीटही आजच काढून ठेवलं आहे. वर तीन लिहिलं ते रागात लिहिलं.

ता. क. तिसरं. तिला काय हवं ते कर, केसांना तेल लाव, तुझी ती निळी साडी दे. पण तिला 'बाय' म्हणून हाक मारू नकोस. जगात मला 'बाय' पहिल्यांदा तू म्हटलंस. ते मी कोणाला देणार नाही.