तार्तूचं बोलावणं आणि आमची फायरवॉल

१७ जानेवारी
लिहायला उशीर झाला, माफी असावी. वादळानंतर चार दिवस वीज नव्हती आणि मेणबत्तीच्या उजेडात माझं अक्षर मलाच लागत नाही. आज दिवे आले. पण गावच्या ज्या सांस्कृतिक भवनाची देखभाल मी करतो, तिथली फायरवॉल लाल दिवा लावून रुसून बसली. बाहेरून आलेला कुठला मेल आत सोडायचा, ते ही पेटी ठरवते. तिच्या पाठीला बारीक भोक आहे. त्यात विणायची सुई खुपसून धरली. दिवा हिरवा! शाळा सहावीपर्यंत झाली, पण यंत्राची नाडी कळते.

१८ जानेवारी
खात्री केली. ऑफिसातून शेजारच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर मेल धाडला. पोचला. बायको, आस्ता, म्हणाली, "अहो, या खोलीतून त्या खोलीत गेला. बाहेरचा कुठे आला?" तांत्रिक गोष्टी घरात समजावणं कठीण.

२३ जानेवारी
हेल्वेबाई बर्फ तुडवत आल्या. वय एकोणऐंशी, गावचा गायनवृंद त्याच चालवतात. गीतोत्सवासाठी वृंदांची निवड तार्तू शहरात होणार, तिथे कधी जायचं, तो मेल आला का? म्हटलं, नाही, येईल. एक निरीक्षण: माझ्या दुरुस्तीनंतर जाहिरातीचा एकही मेल नाही. आधी ढीग पडायचा. म्हणजे पेटी पूर्वीपेक्षा उत्तम चालते.
संकल्प: रोज सकाळी मेल बघणे.

२ फेब्रुवारी
काही नाही. (दोन दिवस बघायचं राहिलं. गुडघा.) आस्ता म्हणाली, "एक फोन करा ना तार्तूला!" फोन? आपण काय लोचट आहोत? बोलवायचं ते बोलावतील. हेल्वेबाईंनाही पटलं. म्हणाल्या, मागे लागणं बरं दिसत नाही. सगळ्या वृंदाचं हेच मत. आस्ता म्हणाली, "बसा मग मान राखत!"

९ फेब्रुवारी
संध्याकाळी पलीकडच्या गावचा वृंद बसमधून उतरला. बायकांचे पट्ट्यापट्ट्यांचे घागरे. विचारलं, लग्न कुणाचं? त्यांच्यातला जाड्या उनो म्हणाला, "लग्न कसलं आजोबा, निवड होती! तुमचं नाव दोनदा पुकारलं. तीन मेल पाठवले म्हणे तुम्हाला. झोपला होतात का सगळे?"
जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी
हेल्वेबाईंना सांगितलं. सगळ्यांचे घागरे इस्त्री करून ठेवले होते, ते घड्यांमध्ये कागद घालून परत ट्रंकेत ठेवू लागल्या. पुढचा उत्सव पाच वर्षांनी. तेव्हा त्या चौऱ्याऐंशीच्या.
चूक कोणाची, ते नंतर बघू. तार्तूला ताबडतोब मेल लिहिला: आम्हाला एकदा ऐका. कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी, उभ्याउभ्या ऐका. बाईंकडे फार वर्षं नाहीत. उत्तर लवकर पाठवा. फोनची तसदी नको, मेलच करा. मी यंत्रासमोरून हलणार नाही.