रानघेवड्याचं पीठ

प्रिय धाकटे,

३ जून, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तू पेरायला दिलेलं रानघेवड्याचं सगळं बी तुझ्या लाडक्या भाचीने प्रयोगशाळेत दळलं. मला न विचारता!

"आई, काळ्या सालीत केवढे अँटिऑक्सिडंट आहेत बघ!"

"बघते. पण पेरू काय, तुझा रिपोर्ट?"

तरी रिपोर्ट दोनदा वाचला. बी उकळून पाणी ओतून टाकलं की त्यातलं विष जातं, पण निम्मे गुणही जातात म्हणे. आपली आई किती वेळा पाणी बदलायची गं? मला तीनदा आठवतं.

माझ्या परसातली जुनी वेलही वाळली, म्हणजे आता तुझ्या डब्यातलंच बी उरलं. ते शिजवू नकोस. गुडघा कसा आहे?

वीस जूनच्या आत लेखी उत्तर हवं. फोनवर तू नुसती हो-हो करतेस.

तुझी,
ताई