छत्रीची अकरावी टक

मामा, मागच्या मंगळवारी मी ती छत्री पुन्हा फिरवली. आपल्या जुन्या कंपनीत, साहेबांच्या केबिनमध्ये. तिथे आता त्यांचा मुलगा बसतो. सोळा वेळा टक झालं आणि छत्री जिथून निघाली तिथे परत आली. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नव्हतं, किंवा वाटलं असेल तर मी ते वाटू दिलं नाही. आता एक गोष्ट कळली आहे आणि ती समजेल असं दुसरं कुणी माझ्या ओळखीत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी नगरच्या एमआयडीसीतल्या त्या टूलरूममध्ये, साचे करायच्या खोलीत, आले तेव्हा वीस वर्षांची होते. त्या खोलीतली पहिली मुलगी. साहेबांनी सहा महिन्यांसाठी घेतलं होतं, पुढचं नंतर बघू म्हणाले होते. तुम्ही तिथले सर्वांत जुने कारागीर, श्रीरामपूरला मिशनच्या कार्यशाळेत लेथ शिकलेले, सोमवार ते शनिवार नगरला खोली करून राहणारे आणि दर शनिवारी सव्वापाचच्या गाडीने घरी जाणारे, कारण रविवारची प्रार्थना चुकवायची नाही. वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळे तुम्हाला मामा म्हणायचे. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "ही काय करनार हितं?" सुपरवायझर म्हणाले, "डिप्लोमा झालाय तिचा." तेव्हापासून मी डिप्लोमा. "ए डिप्लोमा, कानस दे." "डिप्लोमा जेवली का?" माझं नाव तुम्ही कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

पहिलं बोलणं खाल्लं ते जाडी मोजायच्या मायक्रोमीटरवरून. मी तो दांड्यावर आवळत होते. तुम्ही मागून म्हणालात, "ते काय पाना हाय का? नळ बसवतीस?" मग माझ्या हातातून घेऊन मागच्या बारीक मुठीने फिरवून दाखवलंत. टक, टक, टक. "कान लाव. ते बोलतंय न्हवं? तीनदा बोललं की थांबायचं. डोळ्यानं नंतर वाचायचं, आदी कानानं." मी वहीत लिहून घेतलं: रॅचेट तीन वेळा. कानाचं लिहिलं नाही.

आणखी एक गोष्ट मी तुमच्याकडे पाहिली. तुम्ही केलेल्या प्रत्येक साच्यात, आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी पंच ठोकून केलेला एक ठिपका असायचा. मी विचारलं, हा कशाला? "दुरुस्तीला परत आलं तर आपलं आपल्याला वळकू यावं म्हनून." मी म्हणाले, मग बाहेर का नाही करत? तुम्ही हसलात. "दुसऱ्याला दिसून काय उपेग?"

हिवाळ्यात मी राहात्याहून, घरून, पेरू आणायचे. तुम्ही चावून खायचात. मी मधोमध कापून आधी आतला रंग बघायचे. "खाऊन बघ की," तुम्ही म्हणायचात, "हिला सगळं कापून बगाय लागतंय."

ते मॉडेल आलं तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. साहेबांचा मुलगा अमेरिकेत शिकत होता. त्याने एक मोठा खोका आणला आणि सुट्टीत आठ दिवस बसून प्लास्टिकच्या लहान लहान विटा एकमेकींत बसवून ते जोडलं. जगभर गाजलेल्या एका अवकाशपटातला प्रसंग. तांबूस वाळूवर चार पायांवर उतरलेलं राखाडी यान, खाली सोडलेली शिडी, शिडीपाशी अंगठ्याच्या पेराएवढा एक माणूस आणि यानाच्या माथ्यावर एक मोठी वाटीसारखी डिश. सिनेमात म्हणे ती डिश हळूहळू फिरते आणि एका जागी थांबते, कारण तिला दुरून काहीतरी ऐकू येतं. लोक अशी मॉडेल जपून ठेवतात, खेळत नाहीत, असं मुलगा सांगत होता. साहेबांनी काचेची पेटी करून घेतली. येणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणायचे, मोल्डिंग असं हवं, शेकडो तुकडे आणि एकही ढिला नाही. आम्ही बाटल्यांची झाकणं आणि स्विचची खोकी करायचो.

तुम्ही पेटीसमोर वाकून बराच वेळ बघत होतात. "बोरवाला हाय का ह्यो?" सगळे हसले. मी सांगितलं, दुसऱ्या ग्रहावर उतरलेत ते. "आन् ही टीवीची छत्री?" ऐकण्यासाठी आहे, मी म्हणाले. "मग काय ऐकू आलं?" हे मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, सिनेमात ते दाखवलेलंच नाही, तिथेच संपतो. तुम्हाला हे अजिबात पटलं नाही. "बनवनाऱ्याला ठाव असंल की."

पण आपल्या दोघांचं डोकं अडकलं होतं दुसरीकडे. साहेबांनी एकदा छत्री फिरवून दाखवली तेव्हा ती टक टक करत, थांबे घेत फिरली. छत्रीखाली रुपयाएवढी बंद चकती होती, आवाज तिच्यातून येत होता. मी म्हणाले, आत स्प्रिंग आणि छर्रा असणार. तुम्ही म्हणालात, "कायबी न्हाई. प्लास्टिकच हाय. प्लास्टिकच वाकतं आन् प्लास्टिकच सरळ व्हतं." मी तुम्हाला पुस्तकातलं सांगितलं, प्लास्टिक वाकून वाकून थकतं, चार दिवसांत ढिलं पडेल. "मानूस बी थकतो. तरी सोमवारी येतोय न्हवं?" हा वाद तीन आठवडे चालला. चहाच्या वेळी, वॉश-बेसिनपाशी, वेळ मिळेल तेव्हा. सगळी टूलरूम त्यात पडली होती आणि बहुतेक लोक माझ्या बाजूने होते, कारण स्प्रिंग सगळ्यांना समजते.

मग साहेबांना आणखी मोठी पेटी हवी झाली आणि तिच्या मापासाठी मॉडेल टूलरूममध्ये आलं. सोमवारी बाहेरचे ग्राहक येणार होते, त्यांना ते दारातच दिसायला हवं होतं. साहेबांनी बजावलं, "मामा, तुमच्या भरवशावर देतोय. एक तुकडा इकडचा तिकडे झाला तर मी ऐकून घेणार नाही." माझे सहा महिने संपायला तेव्हा पाच आठवडे होते.

शनिवार आहे. दुपारी एक वाजता सगळे कँटीनला गेले आहेत. मी छत्री उचलते, चकती काढते, लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये धरून वाइसच्या जबड्यात आवळते आणि सर्वांत बारीक पात्याची करवत घेते. चार मिनिटं लागतात. आत स्प्रिंग नाही. छर्रा नाही. कडेने सोळा खाचांचं कडं आहे आणि मधल्या भागातून निघालेली एक पातळ जीभ, त्याच प्लास्टिकची. ती दातावर वाकते आणि पुढच्या खाचेत पडते. मी जिभेची जाडी मोजली, आठ दशांश मिलिमीटर. इथे खरं लिहिलं पाहिजे. मला आधी आनंद झाला. इतकं साधं आणि इतकं नेमकं काही मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. भीती नंतर आली, तुमची चप्पल दारात वाजली तेव्हा. दोन्ही अर्धे मी ऍप्रनच्या खिशात टाकले.

"मामा, खालची चकती सापडत नाही," मी म्हणाले. "लेथच्या ट्रेमध्ये पडली असेल."

तुम्ही रागावला नाहीत. "पडली असंल तर हाय तितंच. उडून कुटं जातीय." कँटीनमधून पिठाची चाळणी आणलीत, लेथखाली बसलात आणि तेलकट लोखंडाचा कीस मूठ मूठ चाळायला लागलात. छप्पन्न वर्षांचं वय, गुडघे दुखायचे. साडेचारला सगळे घरी गेले. मी शेजारी बसून दुसरा ट्रे चाळत होते, ज्यात काही नाही हे मला माहीत होतं. तुमच्या बोटाला कीस लागला, तुम्ही ते बोट तोंडात घातलंत आणि दुसऱ्या हाताने चाळत राहिलात. साडेपाचला उठलात. "गेली गाडी. जाऊ दे."

मी म्हणाले, उद्याची प्रार्थना?

"देव काय फकस्त श्रीरामपुरात हाय का? नगरला बी हाय. उद्या त्यालाच कामावर बोलवू. आपुन करू चकती."

रविवारी वॉचमनने टूलरूम उघडून दिली. तुम्ही नायलॉनचा दांडा काढलात. यानावरच्या गोल खुंटीवर चकती बसायची होती. ते भोक माझ्याकडे दिलंत. मी खुंटी तीनदा मोजली आणि भोक अगदी तेवढंच केलं. चकती बसली आणि मॉडेल तिरकं केल्याबरोबर घसरून खाली आली. मला वाटलं माप चुकलं. पुन्हा मोजलं, बरोबर होतं. तुम्ही म्हणालात, "मापाला माप दिलंस. मग धरनार कशाला? इवलंसं कमी ठिव, जरा भांडू दे दोघांस्नी." दुसऱ्या वेळी मिलिमीटरचे दोन-चार शतांश कमी ठेवलं. बसली ती हलली नाही.

मग तुम्ही विचारलंत, "आन् आत काय करायचं?"

मी म्हणाले, "कडेने सोळा खाचा. मधून एक जीभ. आठ दशांश जाडीची."

तुम्ही लेथ बंद केलात. "व्हय? परवापत्तूर तर स्प्रिंग हुती."

"मी विचार केला."

"लई केला म्हनायचा. पार दशांशापत्तूर."

एवढंच. पुन्हा लेथ सुरू. मी नायलॉनचा कीस झाडत राहिले. बोलता आलं असतं. खोलीत आपण दोघंच होतो.

नायलॉन पांढरं होतं आणि हवं होतं राखाडी. तुम्ही मला कपडे रंगवायच्या काळ्या पुडीचं पाणी उकळायला कँटीनमध्ये पाठवलंत. पातेलं मी चहाचंच घेतलं. पुढचे दोन दिवस चहाला कसली चव येतेय यावर कंपनीभर चर्चा होती, त्यात तुम्हीही गंभीर चेहऱ्याने भाग घेतलात. मी परत आले तोवर सोळा खाचा पाडून झाल्या होत्या. भाग रंगवले, वाळवले, आणि तुम्ही ते एकात एक दाबले. खट्ट. ती चकती आता तोडल्याशिवाय उघडणार नव्हती. मी विचारलं, "मामा, ठिपका?" तुम्ही म्हणालात, "ठिवलाय." मी चकती उजेडात सगळीकडून फिरवून पाहिली. नव्हता. "हाय की," तुम्ही म्हणालात आणि हात धुवायला गेलात.

सोमवारी साहेबांनी ग्राहकांसमोर छत्री फिरवली. मी मागे उभी राहून मोजलं. सोळा. मान हलवून मी कामाला लागले. पाच आठवड्यांनी मला कायम केलं. वर्षभराने मी पुण्याला मापनाच्या प्रयोगशाळेत गेले तेव्हा तुम्ही तुमचा मायक्रोमीटर लाकडी डबीसकट दिलात. "आवळू नगस," एवढंच म्हणालात. पुढच्या वर्षी तुम्ही गेल्याचा फोन आला. श्रीरामपूरला येणं शक्य होतं, रजा शिल्लक होती. मी आले नाही.

मंगळवारी मी त्या कंपनीत तपासणीला गेले होते. आता मी ग्राहकांच्या बाजूने येते. साहेबांच्या मुलाने कौतुकाने पेटी उघडली. "मॅडम, तुम्ही तेव्हा इथे होता ना? एकही तुकडा बदललेला नाही. आता असं मिळत नाही." मी म्हणाले, "छत्री फिरवून बघू का?" फिरवली. त्याचा फोन आला, तो बाहेर गेला, खोली शांत होती. म्हणून ऐकू आलं. पंधरा आवाज सारखे आहेत आणि एक वेगळा, जरा जड, जरा खोल. शिडीपासून उजवीकडे मोजलं तर अकरावा. माझ्या हाताचा दोष असेल म्हणून उलटं फिरवलं. तेव्हा पाचवा, म्हणजे तीच जागा. चार फेऱ्या केल्या. मी कँटीनमध्ये पाणी उकळत असताना तुम्ही एक खाच मुद्दाम खोल केली होती. तिथे छत्रीचं तोंड माणसाकडे नसतं, शिडीकडे नसतं, भिंतीकडे असतं. त्यात अर्थ काढण्यासारखं काही नाही. तो तुमचा ठिपका आहे. तेव्हा मी सोळा मोजले आणि ऐकलं काहीच नाही.

किती खोल केलीत? दोन दशांश? तीन? पायरीने की उताराने? मला माहीत नाही आणि मला ते फार जाणून घ्यायचं आहे. मॉडेल बनवणाऱ्या कंपनीची तशी चकती आता मागवता येते. ती तिथे बसवून तुमची मी घेऊन येऊ शकते, मुलाला कळणारही नाही. पण आणली तर मी ती कापीन. एवढी मी स्वतःला ओळखते. म्हणून ती तिथेच राहू दे. मुलाला मी काही सांगितलं नाही.

पहिल्या चकतीचे दोन्ही अर्धे माझ्याकडे आहेत, तुमच्याच मायक्रोमीटरच्या डबीत. हे कागदही घडी करून तिथेच ठेवणार आहे. तुम्ही बरोबर होतात, मामा, आत स्प्रिंग नव्हती. हे तुम्हाला रविवारीच कळलं होतं, त्यामुळे ही काही कबुली म्हणता येणार नाही. जी आहे ती दुसरी. त्या शनिवारी आपण कीस चाळत होतो तेव्हा तुमची भिंतीकडे पाठ होती आणि माझं तोंड. भिंतीवर घड्याळ होतं. पाच वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा मी ते पाहिलं. मग पाच वाजून दहा मिनिटांनी. स्टेशन लांब नव्हतं, कुणाच्या तरी स्कूटरवर तुम्हाला गाडी मिळाली असती. सव्वापाच होईपर्यंत माझा हात खिशात, त्या दोन अर्ध्यांवर होता.